आपल्या पाठीवर कोणता चाबूक आहे?

‘ट्वेल्व्ह इयर्स अ स्लेव्ह’ (२०१३) पाहून आम्ही सारेच हादरलो. १८४१ साली पळवून नेऊन विकलेला सॉलोमन नॉर्थप फासाला लटकतो आहे, पायाची बोटं कशीबशी चिखलाला टेकलेली. आणि मागे बाकीचे गुलाम आपापली कामं करताहेत. चाबकापेक्षा हे दृश्य भयंकर आहे.

पण मित्रांनो, डोळे पुसून घरी जाणं पुरेसं नाही. जोतीरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलाममुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण केली, ती हे नातं ओळखूनच.

आपल्या परळचंच पाहा. गिरण्यांत अस्पृश्यांना जादा पगाराच्या विणकाम खात्यात प्रवेश नव्हता. कारण काय, तर धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि सवर्ण कामगाराला विटाळ होई! ही बंदी मालकाइतकीच शेजारी उभ्या कामगाराचीही होती. परळच्याच बीआयटी चाळीत राहणाऱ्या बाबासाहेबांनी १९२८ च्या संपात हा प्रश्न लावून धरला.

२०१३ मध्येच हाताने मैला उपसण्यावर बंदी घालणारा नवा कायदाही आला. तरी माणसं गटारात मरतातच आणि आपण बाजूने कामाला निघून जातो. सिनेमातल्या त्या मागच्या माणसांच्या पाठीवर निदान चाबूक होता. आपल्या पाठीवर कोणता आहे?

जय भीम!