रात्री राजा, सकाळी बोजा: हे कौतुक आता पुरे

दशावतारी कलाकाराचं कौतुक करायला उभा राहिलेला वक्ता तिसऱ्या-चौथ्या वाक्याला एक म्हण काढतोच. 'रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा.' सिंधुदुर्गात ही म्हण न ऐकलेला माणूस सापडणार नाही. वक्ता पुढारी असेल तर तो आवाज खाली आणून ती म्हणतो. प्राध्यापक असेल तर तिच्यातून लोककलेचा निरागसपणा काढून दाखवतो. मुंबईहून आलेला चाकरमानी असेल तर त्याचे डोळे पाणावतात. टाळ्या पडतात, शाल-श्रीफळ होतं, मंडळी जेवायला जातात. मला या म्हणीचा आता राग येतो. ती कौतुक नाहीच मुळी. ती मजुरीची तक्रार आहे, आणि आपण पिढ्यानपिढ्या त्या तक्रारीला टाळ्या देत आलो आहोत.

सप्टेंबर २०२५ मध्ये 'दशावतार' हा चित्रपट आला. दिलीप प्रभावळकरांनी म्हातारा दशावतारी उभा केला आणि कोकणाबाहेरच्या लोकांनीही तिकिटं काढून तो पाहिला. चांगलंच झालं. चित्रपटाशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते त्यानंतर उसळलेल्या अभिमानाशी. या अभिमानात २०२० आणि २०२१ ही दोन वर्षं कोणी उच्चारतच नाही. 'कोरोनाने सगळ्यांचेच हाल झाले' या एका वाक्यात ती गुंडाळून ठेवली आहेत. हाल सगळ्यांचे झाले हे खरं. पण कोणाचे हाल सरकारच्या यादीत बसले आणि कोणाचे बसले नाहीत, हा प्रश्न वेगळा आहे.

आधी धंदा कसा चालतो ते पाहू, कारण दशावताराचा अभिमान असणाऱ्या पुष्कळांना ते ठाऊक नसतं. पावसाळ्यात नाटक बंद. कार्तिक लागला की जत्रा सुरू होतात. गावागावाची तिथी ठरलेली, आणि कोणत्या जत्रेला कोणती कंपनी हेही अनेक ठिकाणी पिढीजात ठरलेलं. पार्सेकर, वालावलकर, मोचेमाडकर, आजगावकर, चेंदवणकर ही कंपन्यांची नावं इथल्या पोरांना पाढ्यांसारखी पाठ असतात. पूर्वी पेटारा डोक्यावर घेऊन कंपनी चालत गावोगाव जायची, आता टेम्पो आहे. पालखी फिरून झाली की मध्यरात्रीच्या सुमाराला नाटक उभं राहतं, आणि उजाडता उजाडता दहीकाला होतो. प्रेक्षक तिकीट काढत नाही. पैसे देतं देवस्थान, नाहीतर नवस फेडणारा. सुपारी घेतो कंपनीचा मालक, आणि कलाकाराला मिळते त्याची 'नाईट'. राजपार्टीची वेगळी, स्त्रीपार्टीची वेगळी, पायपेटीवाल्याची वेगळी. हातात संहिता नसते. आख्यान ठरतं, कोण कोणाची भूमिका घेणार ते ठरतं, आणि पुढचे चार-पाच तास संवाद तोंडातून जागच्या जागी येतात. रंगपट कलाकार स्वतःच करतो. स्त्रीपार्टी करणाऱ्याच्या साड्या-दागिने अनेकदा त्याने स्वतःच्या खिशातून घेतलेले असतात.

आता महत्त्वाची गोष्ट. जत्रेचं नाटक हे मानाचं आणि परंपरेचं. बिदागी वाढवून मागायला तिथे जीभ रेटत नाही. दोन पैसे जास्त सुटतात ते मार्च अखेरपासून मेपर्यंत. चाकरमानी गावी येतात, सत्यनारायण, घरभरणी, मंडळांचे वर्धापनदिन, ट्रिकसीनची मोठी नाटकं, पेडणे-डिचोलीकडच्या सुपाऱ्या. पावसाळ्याच्या चार महिन्यांची बेगमी याच दिवसांत होते.

लॉकडाऊन लागला २५ मार्च २०२० ला. हंगामाच्या नेमक्या या टोकावर. घाटावर तर त्याहून क्रूर योग जुळला. तो दिवस गुढीपाडव्याचा होता. नारायणगावात तमाशाच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पुढारी यात्रांच्या सुपाऱ्या द्यायला येतात, तो हा मोसम. फडमालकांचा वर्षाचा बाजार आणि देशाची टाळेबंदी एकाच तारखेला आली. तमाशाच्या हलाखीच्या बातम्या निदान पुण्या-मुंबईच्या वर्तमानपत्रांत आल्या, कारण फड मोठे, कर्जाचे आकडे मोठे. दशावताराची कंपनी दहा-पंधरा माणसांची. ती बंद पडल्याचा आवाज होत नाही. माणसं आपापल्या वाडीत जाऊन बसतात, एवढंच.

बसलीही नाहीत म्हणा. कोणी आंबा काढायला गेला, कोणी चिरेखाणीवर, कोणी गवंड्याच्या हाताखाली, कोणी मोटरसायकलला टोपली बांधून मासे विकायला. इथेच आपल्याकडचा सगळ्यात आवडता युक्तिवाद पुढे येतो. 'त्यांची शेती असते हो, कला काय, हौस.' हा युक्तिवाद करणाऱ्याला विचारावं, किती गुंठे? भाताच्या चार कुणग्यांवर आणि सामाईक सातबाऱ्यावर घर चालत असतं तर माणूस सहा-सात महिने रात्रभर जागून घसा फाडायला गेला असता का? शिवाय दिवसाची मजुरी करतो म्हणून रात्रीचं काम काम उरत नाही, हा कुठला न्याय? शिक्षक संध्याकाळी शिकवण्या घेतो तेव्हा त्याची शाळेतली नोकरी हौस ठरते काय?

नोव्हेंबर २०२० मध्ये सरकारने नाट्यगृहं पन्नास टक्के प्रेक्षकांसह उघडली, आणि १६ नोव्हेंबरला, पाडव्याच्या दिवशी, मंदिरंही उघडली. दशावतार या दोन्हींच्या मधल्या चिंचोळ्या बोळात अडकला. तो नाट्यगृहात होत नाही, म्हणून नाटकाची परवानगी त्याच्या कामाची नाही. तो मंदिरासमोर होतो, पण मंदिर उघडलं म्हणजे दर्शन सुरू झालं, जत्रा नव्हे. ज्या अंगणात खुर्च्या नाहीत, दार नाही, तिकीट नाही, तिथे पन्नास टक्के कशाचे मोजणार? मार्च २०२१ मधली आंगणेवाडीची जत्रा आंगणे कुटुंबीयांपुरती झाली. देवीचं राहिलं नाही, ते योग्यच. रोग पसरत असताना लाखांची गर्दी करा, असं कोणी शहाणा म्हणणार नाही. मुद्दा बंदीचा नाहीच. बंदी घालताना जिचं पोट बंद होणार आहे अशी माणसांची यादी हातात होती का, हा मुद्दा आहे. नव्हती.

ती नव्हती याचा पुरावा १३ एप्रिल २०२१ चा. दुसऱ्या लाटेचे निर्बंध जाहीर करताना राज्य सरकारने मदतही जाहीर केली. नोंदणीकृत बांधकाम कामगाराला दीड हजार, परवानाधारक रिक्षावाल्याला दीड हजार, नोंदणीकृत फेरीवाल्याला दीड हजार. रक्कम तुटपुंजी होती. पण विशेषणांकडे पाहा. नोंदणीकृत. परवानाधारक. ज्याच्या नावापुढे हे विशेषण होतं त्याच्यापर्यंत काहीतरी पोचणार होतं. दशावताऱ्याच्या नावापुढे 'लोकराजा', 'नटसम्राट', 'दशावतारातली माधुरी' अशी विशेषणं असतात. त्यांच्यावर पैसे येत नाहीत. महिना उलटतो न उलटतो तोच, १६ मेला, तौक्ते वादळ मालवण-देवगडच्या किनाऱ्यावरून गेलं आणि अनेकांची कौलं, माडही गेले.

कलावंतांसाठी म्हणून सरकारचा निर्णय आला ऑगस्ट २०२१ मध्ये. राज्यातल्या ५६ हजार एकल कलावंतांना प्रत्येकी ५ हजार रुपये, एकदाच. पहिल्या टाळेबंदीपासून तोवर सतरा महिने झाले होते. भागाकार करून पाहा, महिन्याला तीनशे रुपयेही पडत नाहीत. वयस्कर कलाकारांसाठी मानधन योजना आधीपासून आहे. तिची तेव्हाची रक्कम 'क' वर्गाला महिना २,२५०, आणि नवे लाभार्थी जिल्ह्यागणिक वर्षाला शंभर. दशावतारी, चित्रकथी, भजनी बुवा, कीर्तनकार, साहित्यिक सगळे त्याच शंभरात.

त्याच काळातली दुसरी घटना. जानेवारी २०२१ मध्ये पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना पद्मश्री जाहीर झाली. चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांची ठाकर समाजाची परंपरा त्यांनी हट्टाने टिकवली, घराच्या आवारात संग्रहालय उभं केलं. हा सन्मान शंभर टक्के योग्य होता. पण पद्म पुरस्कारासोबत रोख रक्कम नसते, आणि त्या वर्षी खेळ बघायला येणारा पर्यटकही नव्हता. सन्मान आणि रोजगार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इतकं उघडं क्वचितच दिसतं. आपल्याला सन्मान करायला आवडतो. तो स्वस्त पडतो, शिवाय फोटोत आपणही येतो. शिधावाटपाच्या पिशव्यांवरही फोटो होतेच. देणाऱ्याने मनापासून दिलं असेल, मी नाही म्हणत नाही. पण काल ज्याच्यासमोर आपण राजा म्हणून उभे होतो, त्याच्याच रांगेत पिशवीसाठी उभं राहताना माणसाला काय वाटतं, हे त्या फोटोत आलं नाही.

मग आले सल्लागार. 'ऑनलाइन करा.' दोन नट संवादात एकमेकांना कोंडीत पकडतात तेव्हा त्यांचा एक कान प्रेक्षकाकडे असतो. हशा आला तर संकासुर लांबवतो, अंगण पेंगायला लागलं तर राक्षस लवकर येतो, पखवाजवाला नटाच्या पावलाकडे बघून हात टाकतो. समोर अंगण नसेल तर हे सगळं मोबाइलच्या डोळ्यात बघून करायचं. तेही जमवलं काहींनी. पण पैशाचं काय? यूट्यूबवर अख्खी दशावतारी नाटकं पूर्वीपासून आहेत आणि टाळेबंदीत घरी अडकलेल्या चाकरमान्यांनी ती पुन्हा पुन्हा पाहिली. जाहिरातीचं उत्पन्न झालं तर ते चॅनेलवाल्याला. नट त्या रात्री देवस्थानच्या नाईटवर नाचलेला. त्याची सही कुठल्या कागदावर घेतली आहे? ज्या काळात त्याच्या घरात एक रुपया येत नव्हता, त्याच काळात त्याचा घाम जिल्ह्याबाहेर फुकट बघितला जात होता. आणि आपण त्याला सांगत होतो, काळाबरोबर बदल.

डबलबारीच्या बुवांची गत निराळी नव्हती. २०२० च्या गणेशचतुर्थीला चाकरमान्यांनाच विलगीकरणाच्या अटी, मग घरोघरची भजनं कुठली! पण ते पुराण लांबेल.

मला मदत नको आहे, मला नोंद हवी आहे, असं म्हणणारा दशावतारी उभा राहिला तर त्याला काय उत्तर द्याल? याचं उत्तर शोधायला परदेशात जायची गरज नाही. याच महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी कायदा झाला. माथाडीचं काम कसं असतं? मालक एक नाही, रोज काम असेलच असं नाही, आज या पेढीवर, उद्या त्या गोदामात. तरी अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून मंडळ उभं राहिलं. माल उतरवून घेणारा मजुरी आणि वर लेव्ही मंडळात भरतो, आणि त्यातून भविष्यनिर्वाह निधी, रजा, औषधपाणी निघतं. बांधकाम कामगारांचंही तसंच. बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर असतो, त्याच पैशातून एप्रिल २०२० मध्ये नोंदणीकृत कामगारांच्या खात्यात दोन-दोन हजार गेले. डोक्यावर पोतं वाहणाऱ्याला जे पन्नास वर्षांपूर्वी मिळालं, ते डोक्यावर पेटारा वाहणाऱ्याला का नाही? फ्रान्समध्ये रंगमंचावरच्या कलाकाराने वर्षात ५०७ तास काम केल्याची नोंद दाखवली की काम नसलेल्या दिवसांचा भत्ता त्याचा हक्क होतो. महामारी आल्यावर तिथल्या सरकारने तो हक्क आधी ऑगस्ट २०२१ पर्यंत वाढवून दिला, आणि तो पुढे वाढावा म्हणून मार्च २०२१ मध्ये कलाकार पॅरिसच्या ओदेऑं नाट्यगृहात ठाण मांडून बसले. भत्ता महत्त्वाचा आहेच. पण त्याआधी तिथे कोणीतरी तास मोजत होतं. आपण नाईटी मोजत नाही.

यावर गावातून येणारं उत्तर मला पाठ आहे. 'देवाचा काम ता, हिशोब कसलो करतंस?' देवाचं काम मंडपवालाही करतो, लाउडस्पीकरवालाही, जनरेटरवालाही. ते पावती फाडतात आणि देवाला राग येत नाही. मालकांचं उत्तर जास्त प्रामाणिक आहे. कंपनीत उरतं काय, ते म्हणतात, टेम्पोचा हप्ता, पडदे, दिवे. टाळेबंदीत मालकही बुडाले, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. म्हणूनच बोजा एकट्या मालकावर टाकून चालणार नाही. सुपारी देणाऱ्याने, म्हणजे देवस्थानाने आणि मंडळाने, प्रत्येक नाटकामागे ठरावीक टक्का वेगळा भरायचा, तेवढंच सरकारने घालायचं. जत्रेत दुकानांच्या जागांचं भाडं घेतलं जातं, देणगीची पावती फाटते. ज्याच्यासाठी माणसं रात्रभर थांबतात आणि दुकानं चालतात, त्याच्या नावाने यातलं काही का निघू नये? हा प्रश्न देवस्थान समितीच्या सभेत कोणी विचारत नाही. मीही विचारला तर मला नास्तिक ठरवतील, पण ते असो.

आणखी एक हरकत आहे, ती मला स्वतःला अवघड वाटते. नोंदणी आली की ओळखपत्र येतं, ओळखपत्र आलं की कोण खरा कलाकार हे ठरवणारी समिती येते, आणि समिती आली की तिथे पुढाऱ्याचा माणूस बसतो. मानधन योजनेत हे घडत नाही असं कोण म्हणेल? यावर माझ्याकडे रामबाण उपाय नाही. म्हणूनच नोंद गुणवत्तेची नको, रात्रींची हवी. कलाकार थोर आहे की सामान्य, हे कोणी ठरवायचंच नाही. अमुक तारखेला, अमुक गावात, अमुक माणूस तोंडाला रंग लावून उभा राहिला किंवा पेटीवर बसला, एवढंच लिहायचं. सुपारीच्या कागदावर आज मालकाचं नाव असतं, देवस्थानचं असतं, आख्यानाचं असतं आणि रक्कम असते. त्याखाली दहा-पंधरा नावं आणि प्रत्येकापुढे त्याची नाईट लिहायला पाच मिनिटं लागतात. ग्रामपंचायतीत त्याची एक प्रत द्यायची. येत्या कार्तिकापासून सुरुवात करायला कुठला कायदा आड येतो?