गती एकाने बदलावी, पंप कोणीही थांबवावा

आमच्या मालवण किनाऱ्यावर विहीर खाली खाडीकाठी आणि कलमांची बाग वर भरडावर, अशी मांडणी पुष्कळ ठिकाणी आढळते. विजेची वारंवारिता बदलून मोटारीची गती कमी-अधिक करणारे यंत्र, ज्यास दुकानदार ड्राईव्ह म्हणतात, ते आल्यापासून एक बटणपेटी विहिरीवर व दुसरी बागेत बसविता येते. सोय चांगली खरी. परंतु हुकूम कोणाचा, हे अगोदर ठरविले नाही तर तीच सोय अनर्थास कारण होते.

बागेतील मनुष्यास धार बारीक दिसते, तो गती वाढवितो. विहिरीवरील मनुष्यास पाणी उतरताना दिसते, तो ती घटवितो. दोघांचेही खरेच असते. तथापि गती निम्मी केली असता पंपाचा दाब चौथाईच उरतो. मग चढावर पाणी पोहोचत नाही आणि पंप तेच पाणी घुसळून तापतो. उलट उपसा अति झाला तर त्याहून मोठी हानी. किनाऱ्यालगत गोडे पाणी खाऱ्यावर तरंगत असते. समुद्रसपाटीवर एक फूट गोडे पाणी असेल, तर खाली ते सुमारे ४० फूट असते, असा शास्त्राचा अदमास आहे. वरचा एक फूट गेला तर खालून काय चढेल, हे सुज्ञांस सांगणे नलगे. खारावलेली विहीर एका पावसाने सुधारेलच असे नाही.

म्हणून आमचे मते तीन नियम असावेत. पहिला, गती एका वेळी एकाच ठिकाणाहून बदलावी. त्याकरिता ‘विहीर’ व ‘बाग’ असा निवडीचा खटका विहिरीवर ठेवावा. दोन्हीकडे फिरविण्याच्या खुंट्या बसविल्यास खटका बदलताच मोटार एकदम निराळ्या वेगावर जाते. त्यापेक्षा ‘वाढ’ व ‘घट’ अशी बटणे बरी, कारण चालू वेगापासूनच बदल होतो. दुसरा, किमान गती बागेच्या चढावरून व कमाल गती विहिरीच्या वैशाखातील पाण्यावरून ठरवून ड्राईव्हमध्येच बांधून घ्यावी. तिसरा, थांबविण्याचे बटण दोन्हीकडे असावे व खटका कोठेही असला तरी ते चालावे. ही बटणे एकाच तारेवर ओळीने जोडावी, म्हणजे तार तुटली तरी मोटार थांबेल. मात्र बटण दाबणे म्हणजे वीज तोडणे नव्हे. पंपास हात लावण्यापूर्वी मेन स्विच बंद करून कुलूप घालावे व किल्ली आपल्याच कनवटीस ठेवावी.

कोणी म्हणेल, विहीर सामाईक, मग अधिकार समान का नसावा? आम्ही महसूल खात्यात उमेदीची वर्षे घालविली. सातबाऱ्यावर नावे कितीही असोत, पाळ्या ठरल्यावाचून पाण्याचा तंटा मिटलेला आम्ही पाहिला नाही. हिस्सा सर्वांचा असतो, पाळी एकाची. यास्तव सभासद बंधूंनी दुसरी पेटी बसविण्यापूर्वी कोणाची पाळी केव्हा व गती किती, हे वहीत लिहून सर्वांच्या सह्या घ्याव्यात. तारा जोडणारा मग बोलवावा.