मुलींनाही तारे पाहू द्या

संक्रांतीला माझा मामा पुण्याहून आला. येताना त्याने स्मार्ट दुर्बीण आणली होती. त्या दुर्बिणीला डोळा लावायची जागाच नाही. मोबाइलवर ताऱ्याचे नाव निवडले की ती आपली आपण फिरते आणि तारा शोधते. दहा दहा सेकंदांचे फोटो काढून एकावर एक ठेवते. मग अंधुक वस्तू हळूहळू उजळत जाते.

शाळेच्या मैदानावर दुर्बीण लावून होते न होते, तोच आजीची हाक आली. "पोरीच्या जातीला रात्रीचं काय काम?" आम्ही साऱ्या मुली आठ वाजता घरी गेलो. मुलगे साडेदहापर्यंत थांबले. मामा माझा आणि मीच घरात! मला रडू आले.

सकाळी दादा सांगत होता, मृगातल्या तिकांड्याखाली गुलाबी ढग दिसला. तो सुमारे १३०० प्रकाशवर्षे दूर आहे आणि तिथे नवे तारे जन्मतात. मामाने विचारले, "किती वाजता पाहिला? लिहिलं का?" कोणीच लिहिले नव्हते.

आमच्या बाई म्हणतात, नुसते पाहणे ही गंमत, नोंद ठेवणे हे विज्ञान. सप्टेंबर २०२२ मध्ये नासाने डार्ट नावाचे यान डायमॉर्फस या लहानशा लघुग्रहावर मुद्दाम आदळवले. तेव्हा रियुनियन बेटावरच्या आणि केनियातल्या हौशी लोकांनी आपल्या स्मार्ट दुर्बिणींतून ते टिपले. उडालेल्या धुळीची माहिती त्यातून मिळाली. २०२३ साली ती 'नेचर' या शास्त्रज्ञांच्या नियतकालिकात छापून आली. म्हणजे घरच्या दुर्बिणीनेही खरे काम होते.

आणि ते काम मुलींनाही येते. कॅरोलिन हर्शेल या बाईंनी १७८६ साली लहान दुर्बिणीतून धूमकेतू शोधला. त्या रात्रीच बघत होत्या ना! दिवसा तारे कोणाला दिसतात?

काही पालक म्हणतील, रात्री विंचूकाटा असतो, सोबत कोण? ते बरोबर आहे. म्हणून माझे मत असे, की आयांनीही यावे. त्यांनी तरी दुर्बीण कुठे पाहिली आहे? मामा महाशिवरात्रीला पुन्हा येणार आहे. तेव्हा अमावास्या जवळ असते, आभाळ काळेभोर असते. त्या रात्री बायका देवळात जागतात, तेव्हा कोणी काही म्हणत नाही. मग मैदानावर दोन तास का नको? देऊळ तर शेजारीच आहे.

आम्ही मुली वहीत तारीख, वेळ आणि आभाळ कसे होते ते लिहू. मुलगे दुर्बीण सांभाळतील. दुसऱ्या दिवशी अदलाबदल करू.

आजीला वाचता येत नाही. म्हणून हा लेख मी तिला काल वाचून दाखवला. ती अजून हो म्हणाली नाही, पण नाहीही म्हणाली नाही. तुम्ही पालकांनी हो म्हटले तर तीही म्हणेल, असे मला वाटते.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी