फोन दिला, बॅटरी कोण बदलणार?

परवा दुपारी आमच्या गल्लीतल्या अंगणवाडीताई ओट्यावर येऊन टेकल्या. ‘तुमच्याकडे रेंज चांगली येते म्हणून आले हो,’ म्हणाल्या. बाळांची वजनं मोबाइलवर भरायची होती. वहीत ती सकाळीच लिहून झालेली!

मला एकदम २०२१ चा ऑगस्ट आठवला. राज्यभरातल्या सेविकांनी सरकारने दिलेले फोन परत करायला सुरुवात केली होती. ‘यांना नवीन काही शिकायलाच नको,’ असं तेव्हा आमच्याच घरात कोणीतरी म्हणालं. मैत्रिणींनो, तसं मुळीच नव्हतं. ते फोन २०१९ मधले. तापायचे, हँग व्हायचे आणि दुरुस्तीचा खर्च मात्र बाईच्या माथी. त्यात ‘पोषण ट्रॅकर’ अ‍ॅप आलं, तेही तेव्हा इंग्रजीत. मराठी पुढे आली.

हे दुखणं आपल्याच देशातलं आहे असंही नाही. आफ्रिकेतल्या युगांडात मोबाइलवरून आरोग्यसेवेचे इतके सुटे सुटे प्रयोग सुरू झाले, की २०१२ मध्ये तिथल्या आरोग्य खात्याने नव्या प्रयोगांना चक्क स्थगिती दिली. एकाचा दुसऱ्याशी मेळच नव्हता!

याउलट मुंबईच्या ‘अरमान’ संस्थेची ‘एममित्र’ सेवा बघा. डॉ. अपर्णा हेगडे यांनी २००८ मध्ये ही संस्था काढली आणि २०१४ मध्ये ही सेवा सुरू केली. यात अ‍ॅप नाही की इंटरनेट नाही. साधा फोन वाजतो आणि गरोदर बाईला तिच्या दिवसांप्रमाणे सल्ला ऐकू येतो. फोन कधी यावा, ती वेळ तिनेच सांगायची. मला सगळ्यात हेच आवडलं. कितीतरी घरांत फोन एकच, आणि तो नवऱ्याच्या खिशात. तो कामावरून आला तरच तिच्या कानाला लागणार ना! ज्यांना हे सुचलं, त्यांनी नक्की कुणाच्या तरी स्वयंपाकघरात बसून चहा घेतला असणार. अर्थात इथेही सगळं सुरळीत नाही. अनेक जणी मध्येच ऐकणं सोडतात, काहींचा नंबरच बदलतो. त्यांना पुन्हा गाठायला शेवटी माणूसच लागतं.

फोनवाटपाचा फोटो पेपरात छापून येतो. पण दोन वर्षांनी बॅटरी फुगली की ती कोण बदलणार, याची तरतूद बजेटमध्ये किती जण करतात?

चहा होईपर्यंत ताईंची अकरा बाळं भरून झाली. ‘उरलेली रात्री, जेवणं आटोपल्यावर,’ म्हणत त्या उठल्या. वही काखेत होतीच.