न मोजलेले ब्लॉक

दिल्ली कॅन्टमधल्या आमच्या क्वार्टर्सच्या मागे एक बास्केटबॉल कोर्ट आहे. सिमेंटचं, आणि एका रिंगची जाळी गेल्या पावसाळ्यापासून गायब. संध्याकाळी गेम्स परेडला तिथे जवान खेळतात, दिवे लागले की वसाहतीतली मुलं उतरतात. मधल्या पंधरा-वीस मिनिटांत दोन्ही पिढ्या कडेला बसून पाणी पितात आणि भांडतात. विषय ठरलेला. एनबीएमधला सगळ्यांत मोठा खेळाडू कोण?

माझा मुलगा दहावीत आहे. त्याच्या मते हा प्रश्नच उरलेला नाही. लेब्रॉन जेम्सने ७ फेब्रुवारी २०२३ रोजी करीम अब्दुल-जब्बारचा ३८,३८७ गुणांचा विक्रम मोडला, पुढच्याच वर्षी चाळीस हजार ओलांडले. "बाबा, यापुढे बोलायचं काय?" हरियाणाचा एक हवालदार मान हलवतो. त्याचा माणूस मायकेल जॉर्डन. सहा वेळा अंतिम फेरी, सहा वेळा विजेतेपद. "फायनल में हारा ही नहीं, साब. और क्या चाहिए?"

आमचे सुभेदारसाहेब सातारकडचे. तरुणपणी रेजिमेंटच्या टीममध्ये गार्ड खेळलेले. ते दोघांचं ऐकून घेतात आणि मला म्हणतात, "साहेब, पोरं बास्केट मोजतात. बास्केट होऊ दिली नाही, ते कोण मोजतंय?"

त्यांच्या या एका वाक्यापायी हा लेख लिहायला घेतला.

बास्केटबॉलच्या इतिहासात या प्रश्नाचं एक जुनं उदाहरण आहे. १९६१-६२ चा हंगाम. विल्ट चेंबरलेनने त्या वर्षी सामन्यामागे सरासरी ५०.४ गुण केले. २ मार्च १९६२ ला तर एकाच सामन्यात शंभर. आजवर कोणालाही ते जमलेलं नाही. पण त्या हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू चेंबरलेन ठरला नाही. तो मान मिळाला बिल रसेलला, ज्याची सरासरी एकोणीसच्या आसपास होती. आणि मतं कोणी दिली होती? त्या काळात हा पुरस्कार खेळाडूंच्याच मतांवर ठरायचा. म्हणजे जे या दोघांसमोर रात्रीमागून रात्री उभे राहत होते, ज्यांच्या डोक्यावरून चेंबरलेनने ते गुण केले होते, त्यांनीच रसेलला निवडलं.

का? रसेल बचावाचा राजा होता. समोरच्याने उडी मारून चेंडू सोडला की याचा हात तिथे आधीच पोचलेला असायचा. नुसता अडवायचा नाही, अडवलेला चेंडू शक्यतो मैदानातच ठेवायचा, म्हणजे तिथून आपल्याच टीमची चढाई सुरू. गंमत अशी की एनबीएने ब्लॉकची अधिकृत नोंद ठेवायला सुरुवात केली १९७३-७४ च्या हंगामात. रसेल निवृत्त झाला १९६९ मध्ये. त्यामुळे खेळातल्या सर्वांत थोर बचावपटूंपैकी एकाच्या नावापुढे अधिकृत ब्लॉक एकही नाही. काम झालं, पण वहीत रकानाच नव्हता.

हे मी मुलाला सांगितलं तेव्हा तो लगेच म्हणाला, "मग विजेतेपदं मोजा ना. रसेलची अकरा आहेत." बरोबर आहे, तेरा हंगामांत अकरा. पण तो हिशेबही सरळ नाही. रसेलच्या बाजूला बॉब कूझी, सॅम जोन्स, पुढे जॉन हॅवलिचेक असे खेळाडू होते आणि बाकावर रेड आवरबाखसारखा प्रशिक्षक. विजेतेपदं हीच फूटपट्टी धरली तर रॉबर्ट हॉरीची सात आहेत, जॉर्डनपेक्षा एक जास्त. हॉरी गुणी खेळाडू, मोक्याच्या क्षणी नेम साधणारा. पण त्याला जॉर्डनच्या वर बसवा म्हटलं तर आमचा हवालदार मला कोर्टावर पाऊल ठेवू देणार नाही.

मग आकडे सोडून द्यायचे आणि डोळ्यांवर विश्वास ठेवायचा का? जुने लोक तेच सांगतात. मुंबईत नागपाड्याला जा, जुने खेळाडू गुलाम अब्बास मुंतसिर यांच्याबद्दल सांगायला लागतील. भारताचे कर्णधार, १९७० चा अर्जुन पुरस्कार, नागपाड्याच्या कोर्टांवर वाढलेला माणूस. त्यांच्या पासबद्दल आणि त्यांच्या रुबाबाबद्दल ऐकत राहावं असं वाटतं. पण त्यांच्या खेळाची तुलना आजच्या कुणाशी करायची झाली तर हाताशी काय आहे? आठवणी. आणि आठवण आपल्या गल्लीच्या, आपल्या काळाच्या माणसाला नेहमीच चार गुण जास्त देते.

फौजेत आम्ही हे चांगलं ओळखतो. साहेबाच्या डोळ्यात भरलेला तो चांगला आणि न भरलेला तो सुमार, हा धोका प्रत्येक सेनेत असतो. म्हणून तर वार्षिक गोपनीय अहवालात, आमच्या एसीआरमध्ये, नऊपैकी अंक द्यावे लागतात. एकाने लिहायचं, दुसऱ्याने तपासायचं, तिसऱ्याने पुन्हा बघायचं. ज्याला कोणी काका-मामा नाही, त्याच्यासाठी अंक हे संरक्षण आहे. आकड्यांची टिंगल करणाऱ्यांनी हे विसरू नये.

शिवाय चांगला आकडा डोळ्याला न दिसणारंही दाखवतो. ह्यूस्टन रॉकेट्सकडून शेन बॅटिए खेळायचा. सामन्याला दहाच्या आत गुण, रिबाउंड बेताचे, वेगही बेताचा. पण तो मैदानावर असताना आपली टीम किती गुणांनी पुढे गेली किंवा मागे पडली, हा हिशेब मांडला की चित्र पालटायचं. कोबी ब्रायंटसारख्याला तो अडवू शकायचा नाही, पण जिथून नेम कमी लागतो तिथूनच चेंडू टाकायला भाग पाडायचा. मायकेल लुईस या लेखकाने २००९ मध्ये त्याच्यावर मोठा लेख लिहिला आणि जगाला हा माणूस कळला. रकाना बदलला, माणूस दिसला. अर्थात या हिशेबातही बरोबर खेळणाऱ्या चौघांचं कर्तृत्व आणि चुका मिसळलेल्या असतातच.

या सगळ्या वादात पंजाबच्या बरनाळा जिल्ह्यातला एक नाईक सहसा गप्प असतो. एकदाच तो उसळला. कोणीतरी पोरगं सतनाम सिंगला फ्लॉप म्हणालं. सतनाम याच्याच जिल्ह्यातल्या बल्लोके गावचा, उंची सात फूट दोन इंच. २०१५ च्या ड्राफ्टमध्ये डॅलस मॅव्हरिक्सने त्याला साठांपैकी बावन्नाव्या क्रमांकावर निवडलं. भारतात जन्मलेला असा तो पहिलाच. पण एनबीएचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. नाईक म्हणाला, "साब, सब ये देखते हैं कि वो कहाँ नहीं पहुँचा. बल्लोके से कहाँ तक पहुँचा, वो भी तो नापो."

कोर्टावर शांतता पसरली. खरं होतं ते. चौदाव्या वर्षी लुधियानाहून थेट फ्लोरिडातल्या अकादमीत गेलेला मुलगा तो. आणि ज्या वर्षी त्याची निवड झाली त्याच वर्षी गोल्डन स्टेट वॉरियर्सने अंतिम फेरीत उंच सेंटरला बसवून, चपळ आणि लांबून नेम मारणारी टीम उतरवून विजेतेपद नेलं. उंच, संथ सेंटरचा भाव तिथून उतरत गेला. खेळाडू तोच, बाजार बदलला. इथून जवळ ग्रेटर नोएडात २०१७ साली सुरू झालेल्या एनबीए अकादमीतून शिकलेला प्रिन्सपाल सिंग २०२१ मध्ये सॅक्रामेंटो किंग्जच्या विजेत्या समर लीग संघात होता. सतनामने वाट दाखवली, याला गुण कोणत्या रकान्यात द्यायचे?

आता माझी गोष्ट. तपशील मुद्दाम पुसट ठेवतो.

काही वर्षांपूर्वी मी एका बटालियनचा सीओ होतो. उंचावरची पोस्टिंग, हिवाळा. माझ्या हाताखाली दोन मेजर, दोघेही कंपनी कमांडर. एकाच्या इलाक्यात काही ना काही घडायचं आणि तो ते धडाडीने निस्तरायचा. बर्फात अडकलेली गाडी रात्रीत काढली, आजारी जवानाला स्ट्रेचरवरून उतरवलं. वरच्यांकडून शाबासकी आली. दुसऱ्याच्या कंपनीत संपूर्ण हिवाळा काहीच घडलं नाही. कोणाच्या पायाला हिमदंश नाही, गाडी घसरली नाही, कोणी रजेवरून उशिरा आलं नाही. मी पहिल्याला एक अंक जास्त दिला. दुसऱ्याच्या पेन पिक्चरमध्ये मी जे लिहिलं त्याचा अर्थ एवढाच होता की हा शांत, विश्वासू अधिकारी आहे. ही वाक्यं आपण कोणासाठी लिहितो, ते प्रत्येक अधिकाऱ्याला माहीत आहे.

त्या हिवाळ्यात "काहीच घडलं नाही" हे आपोआप घडलेलं नव्हतं. रोज रात्री तो स्वतः जवानांचे मोजे तपासायचा, हे मला फार नंतर, बदली झाल्यावर त्याच्या एका जेसीओकडून कळलं. घाटात गाडी सोडायची की नाही हे तो पहाटे उठून, रस्ता पायी बघून ठरवायचा. ते सगळे ब्लॉक होते. माझ्या वहीत रकाना नव्हता.

पुढे कर्नलच्या बोर्डात तो राहिला. माझ्या एका अंकाने किती फरक पडला, मला सांगता येणार नाही. अहवाल अनेक असतात, लिहिणारे अनेक असतात. पण पिरॅमिड वर इतका निमुळता होत जातो की एक अंक म्हणजे किरकोळ गोष्ट, असं मी स्वतःला पटवू शकत नाही. महिन्यापूर्वी तो कामानिमित्त दिल्लीत आला होता. घरी चहाला आला, माझ्या मुलाबरोबर कोर्टावर दहा मिनिटं खेळला, वाकून माझ्या आईच्या पाया पडला आणि गेला. या विषयावर अवाक्षर काढलं नाही. काढलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

एनडीएला जाण्याआधी एसएसबीत आम्हाला फळ्या, दोर आणि ड्रम देऊन अडथळे पार करायला लावत. मोठ्याने सूचना देणारा मुलगा लगेच नजरेत यायचा. पण सगळे पार होईपर्यंत फळीचं टोक दाबून धरणाराही कोणीतरी असायचा. तिथे मानसशास्त्रज्ञ, मुलाखत घेणारा अधिकारी आणि ग्रुप टास्क घेणारा अधिकारी असे तिघे वेगवेगळे बघतात आणि शेवटी एकत्र बसतात. कोणा एकाच्या नजरेतून फळी धरणारा निसटू नये, हाच त्यामागचा विचार. अठराव्या वर्षी ज्या पद्धतीने माझी निवड झाली, ती मी चाळिशीत विसरलो होतो.

माझं म्हणणं एवढंच. खेळाडू असो की अधिकारी, निकाल देण्याआधी तीन गोष्टी विचारा. त्याला काम काय सांगितलं होतं? तो कुठून निघाला होता? आणि त्याने जे होऊ दिलं नाही, त्याची नोंद कोणी ठेवली? आकडे फेकू नका. रकाने वाढवा. एनबीएलाही ब्लॉकचा रकाना वाढवायला १९७३ उजाडावं लागलं.

मी आता टेबलाच्या खणात एक साधी वही ठेवतो. हाताखालच्या प्रत्येक अधिकाऱ्यासाठी दोन पानं. वर्षभरात कोणामुळे काय घडलं नाही, ते तिथे तारखेसह लिहितो. पेन पिक्चर लिहायला बसलो की आधी ती वही उघडतो.

त्या मेजरच्या अहवालात आता मला एक शब्दही भरता येणार नाही. या वर्षीचे फॉर्म मात्र अजून कोरे आहेत.