नागिणीचें तोंड आणि शेपूट

गेल्या वर्षीं चैत्रांत आमच्या मातोश्रींच्या उजव्या बरगडीखालीं आग होऊं लागली. अंगावर कांहींच दिसत नव्हतें. पित्त असेल असें समजून आम्ही कोकमाचें सार दिलें. तिसऱ्या दिवशीं पाठीपासून पोटापर्यंत लाल पट्टा उमटला व त्यावर पाणीदार फोडांचे झुबके आले. शेजारच्या वृद्ध बाई पाहतांच म्हणाल्या, "मास्तर, ही नागीण! तोंड-शेपूट मिळण्याच्या आंत उतरवली पाहिजे." निदान बिनचूक होतें, उपाय मात्र चुकला. गेरूचे लेप व मंत्र यांत चार दिवस गेले. आणि आम्ही काय करीत होतों? 'विसर्प' हा शब्द 'सृप्' म्हणजे सरपटणें या धातूपासून आला व 'हर्पीस' हें ग्रीक नांवही त्याच कुळांतलें, हें नातवंडांस समजावीत बसलों होतों! फोड तीन आठवड्यांत सुकले. परंतु पुढें अकरा महिने त्या जागीं लुगड्याचा स्पर्शही मातोश्रींस सोसवत नसे. आमच्या व्युत्पत्तीनें त्यांची एकही रात्र सुखाची झाली नाहीं. दुसऱ्या घरीं तरी असें होऊं नये, म्हणून हें लिहीत आहों.

नागीण येते कोठून? पूर्वीं येऊन गेलेल्या कांजिण्यांचे विषाणु ज्ञानतंतूंच्या गांठींत निजून राहतात. वार्धक्यानें वा अन्य आजारानें प्रतिकारशक्ति मंदावली म्हणजे ते जागे होतात व एखाद्या तंतूच्या वाटेनें त्वचेपर्यंत येतात. डाव्या व उजव्या अंगाचे तंतु निरनिराळे असल्यामुळें हा पट्टा बहुधा शरीराच्या मध्यरेषेशींच थांबतो. तोंड व शेपूट सहसा मिळतच नाहींत. मांत्रिकाच्या पदरीं पडतें तें यश खरोखर शरीररचनेचें होय.

ओळखण्याच्या खुणा तीन : प्रथम एकाच अंगास आग किंवा ठणका, एकदोन दिवसांनीं त्याच जागीं लाली, आणि मग पट्ट्यासारखे फोडांचे झुबके. असें दिसतांच डॉक्टरकडे जावें. असायक्लोव्हिरसारखें औषध पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आंत सुरू झाल्यास फोड लवकर सुकतात व ठणका लवकर उतरतो. मागें रेंगाळणारी वेदना तेवढ्यानें हमखास टळते असें नाहीं. परंतु तिच्यावरही वेगळीं औषधें आहेत, ती मुकाट्यानें सोसूं नये. कपाळावर, डोळ्याभोंवतीं वा नाकाच्या शेंड्यावर फोड आल्यास त्याच दिवशीं नेत्रवैद्यास दाखवावें, कारण दृष्टीस धोका असतो.

फोड फोडूं नयेत, त्यांवर गेरू वा चुना थापूं नये. ते स्वच्छ व झांकलेले ठेवावेत. त्यांतील पाण्यानें, ज्यांस कांजिण्या आल्या नाहींत त्यांस त्या येऊं शकतात; म्हणून खपल्या धरेपर्यंत तान्हीं मुलें व गर्भवती सुना-लेकी यांस दूर ठेवावें. पन्नाशी उलटलेल्यांसाठीं प्रतिबंधक लस २०२३ पासून भारतांत मिळते; दोन ते सहा महिन्यांच्या अंतरानें तिच्या दोन मात्रा घ्याव्या लागतात. किंमत बरीच आहे, तरी डॉक्टरांस विचारून पाहावें.

आमच्या अक्कलकोटांत स्वामींच्या अंगाऱ्यावांचून कोणतेंच दुखणें सरत नाहीं, आणि सरावें असें आम्हीही म्हणत नाहीं. अंगारा अवश्य लावावा. मात्र तो कपाळास, फोडांस नव्हे. आणि नमस्कार करून त्याच पावलीं दवाखान्याची वाट धरावी.