सायकलला ‘कट’ मारणं हासुद्धा ओव्हरटेकच : धामापूरसारख्या रस्त्यावर सायकलवाला आणि गाडीवाला एकमेकांवर का चिडतात?

कुडाळहून मालवणला जायचा एक रस्ता नेरूरपारला कर्ली नदी ओलांडून काळसे, धामापूर, चौके असा जातो. याच रस्त्यावरच्या धामापूरचं तळं १५३० मध्ये बांधलेलं. आंतरराष्ट्रीय सिंचन आणि निचरा आयोगाने २०२० मध्ये त्याला जागतिक वारसा सिंचन वास्तू म्हणून मान्यता दिली. तेव्हापासून तळं बघायला थांबणाऱ्यांची भर पडली ती वेगळीच. तारकर्ली आणि सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाणारे पर्यटक, मे महिन्यात आणि गणपतीला येणाऱ्या चाकरमान्यांच्या गाड्या, एसटी, रिक्षा, चिरे आणि वाळू वाहणारे डंपर, हे सगळं जिल्ह्यातल्या अशाच वळणावळणाच्या रस्त्यांवरून जातं.

आणि सायकलीही. शाळेत जाणारी मुलं, बाजारातून किंवा कामावरून परतणारी माणसं, आणि अलीकडे हेल्मेट घालून पहाटे लांबचा पल्ला मारणारे हौशी सायकलस्वार.

यांचं आपसात पटत नाही. गाडीवाला म्हणतो, हे रस्त्याच्या मधून चालवतात. सायकलवाला म्हणतो, अगदी हँडलला लागेल असा कट मारून जातात. दोघांचंही म्हणणं खरं असू शकतं. प्रश्न असा आहे की दोघं असं का वागतात?

सायकलवाला मधे का येतो?

‘डावी बाजू धरून चालवा’ हे सगळ्यांना पाठ असतं. पण कोकणातल्या रस्त्याची डावी बाजू म्हणजे नेमकं काय, ते एकदा सायकलवर बसून बघावं लागतं.

डांबर संपतं तिथे साईडपट्टी सुरू होते. ती पक्की असेलच असं नाही. पावसाळ्यात माती वाहून जाते आणि डांबराची कड उघडी पडते. गाडीचं चाक अशा कडेवरून खाली उतरलं तर ड्रायव्हरला धक्का बसतो, एवढंच. सायकलचं अरुंद चाक उतरलं तर माणूस पडतो, आणि तोही मागून येणाऱ्या गाडीसमोर. श्रावणापर्यंत कडेचं रान रस्त्यावर वाकलेलं असतं, वळणांवर खडी आणि चिखल साचतो. त्यामुळे ज्याला रस्ता माहीत आहे तो सायकलवाला कडेपासून हातभर आत राहतो. मागच्या गाडीतून हाच सावधपणा माज वाटतो.

चढावर तर आणखी गंमत. वेग कमी झाला की सायकल डुलते, सरळ रेषेत राहत नाही. हे तंत्र न जमल्यामुळे होत नाही. दोन चाकांवरचा तोल कमी वेगात असाच राखावा लागतो. नेमकं तेव्हाच मागचा ड्रायव्हर हॉर्न देतो. दचकलेला माणूस मान वळवून मागे बघतो आणि हँडलही त्याच बाजूला वळतं.

गाडीवाल्यांच्या तक्रारीही खोट्या नाहीत. अंधारात दिवा नाही, मागे रिफ्लेक्टर नाही, हात न दाखवता वळणं, दोघा-तिघांनी गप्पा मारत शेजारी-शेजारी चालवणं, उलट्या बाजूने येणं. आईवडिलांच्या पिढीला विचारा, दिवा नसला किंवा डबलसीट दिसलं की पोलीस सायकलवाल्याला अडवायचे आणि नगरपालिकेचा बिल्लाही घ्यावा लागायचा. आता ते सगळं आठवणीपुरतं उरलंय. केंद्र सरकारने २०२० मध्ये सायकलच्या रिफ्लेक्टरसाठी गुणवत्तेचा आदेश काढला, पण तो नव्याने विकल्या जाणाऱ्या सायकलींसाठी. घरात दहा वर्षं वापरात असलेल्या सायकलीला तो कुठून लागणार?

मग हिशेब करून बघू

भांडण स्वभावाचं वाटतं, पण बऱ्याच अंशी ते सेंटिमीटरचं आहे.

इंडियन रोड काँग्रेसच्या मानकांनुसार एकेरी रस्त्याचा डांबरी पट्टा ३.७५ मीटर, मधल्या प्रकारचा ५.५ मीटर आणि दुपदरी रस्त्याचा ७ मीटर असतो. सायकलस्वाराला डुलण्यासकट साधारण १ मीटर जागा लागते. त्याच्या आणि गाडीच्या मधे दीड मीटर अंतर ठेवायचं म्हटलं तर २.५ मीटर तिथेच संपले.

आता ५.५ मीटरच्या रस्त्यावर उरले ३ मीटर. साधारण कार आरशांशिवाय १.८ मीटर रुंद असते, म्हणजे ती जाईल. पण समोरून दुसरी कार आली तर? दोन कारना ३.६ मीटर लागतात. जागाच नाही. बसला आपल्याकडे २.६ मीटरपर्यंत रुंदीची मुभा आहे, त्यामुळे समोरून एसटी येत असेल तर विषयच संपला. ३.७५ मीटरच्या रस्त्यावर तर उरतात जेमतेम सव्वा मीटर. तिथे कोणीतरी साईडपट्टीवर उतरल्याशिवाय गाडी पुढे जाऊच शकत नाही, आणि उतरतो कोण हे सांगायला नको.

याचा सरळ अर्थ असा की गावातल्या बहुतेक रस्त्यांवर समोरून वाहन येत असताना सायकलला सुरक्षितपणे मागे टाकता येतच नाही. थांबावं लागतं. ‘जाईल, जागा आहे’ असं ड्रायव्हरला वाटतं, तेव्हा ती जागा सायकलवाल्याच्या वाट्यातून काढलेली असते.

नियम काय सांगतो?

इथे एक गोष्ट बहुतेकांच्या डोक्यात येत नाही. सायकलला मागे टाकणं हासुद्धा ओव्हरटेकच आहे.

ट्रकला ओव्हरटेक करताना ड्रायव्हर समोर बघतो, इंडिकेटर देतो, अंदाज घेतो. सायकल दिसली की मात्र हे काहीच होत नाही, कारण तिला तो वाहन समजतच नाही. रस्त्यावरच्या खड्ड्यासारखं तिला चुकवतो. नियम मात्र असा फरक करत नाहीत. वळणावर, चढाच्या माथ्यावर, पुढचा रस्ता दिसत नसेल तिथे ओव्हरटेक करायला मनाई आहे. कुडाळ-मालवण पट्ट्यातली वळणं डोळ्यांसमोर आणा आणि मग सांगा, सायकलला मारलेले किती कट या नियमात बसतात?

किती अंतर ठेवायचं याबद्दल आपल्याकडची भाषा ‘सुरक्षित अंतर’ अशी मोघम आहे. इतर काही देशांनी थेट आकडा लिहिलाय. जर्मनीत २०२० पासून शहरात दीड आणि शहराबाहेर दोन मीटर. फ्रान्समध्ये शहरात एक, बाहेर दीड मीटर. ब्रिटनने जानेवारी २०२२ मध्ये आपल्या हायवे कोडमध्ये ताशी ३० मैलांपर्यंतच्या वेगाला किमान दीड मीटर अंतर घातलं आणि सोबत एक तत्त्वही: ज्याच्या वाहनाने जास्त इजा होऊ शकते, त्याची जबाबदारी जास्त.

असा आकडा लिहिल्याने प्रत्येक वळणावर टेप घेऊन पोलीस उभा राहत नाही, हे खरं. पण ड्रायव्हिंग शिकवताना सांगायला आणि अपघातानंतर चूक कोणाची हे ठरवायला एक माप मिळतं. ‘सुरक्षित’ म्हणजे काय यावर नंतर वाद घालत बसावं लागत नाही.

रस्ता रुंद केला की सुटेल?

हा सगळ्यात लोकप्रिय उपाय. त्याची दुसरी बाजू नवी मुंबईत दिसली.

२८ फेब्रुवारी २०२४. पहाटे सहाच्या आसपास नेरूळजवळ पाम बीच रोडवर इंटेल इंडियाचे माजी प्रमुख अवतार सैनी सायकल चालवत होते. मागून आलेल्या भरधाव कॅबने त्यांना धडक दिली आणि त्यांचा मृत्यू झाला. ते ६८ वर्षांचे होते. पाम बीच रोड काही अरुंद नाही, सहा पदरी आहे. पहाटेची वेळ, गर्दीही नसावी अशी. तिथे जागा होती; वेगही होता.

वेगाचं गणित साधं आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. धोका दिसून पाय ब्रेकवर पडायला दीड सेकंद धरा, म्हणजे २५ मीटर तिथेच गेले. मग कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी २० मीटर. एकूण ४५. वेग ४० असेल तर हेच अंतर साधारण २५ मीटरवर येतं. आता ज्या वळणावर पुढचं ३० मीटरच दिसतं, तिथे पलीकडे सायकलवर एखादी मुलगी असेल, तर ४०च्या वेगाने आलेली गाडी थांबते, ६०च्या वेगाने आलेली थांबत नाही. पावसात तर दोन्ही आकडे वाढतात.

आणि थांबून वेळ किती वाया जातो? ताशी १५ किलोमीटरने चाललेल्या सायकलमागे २०० मीटर जावं लागलं तर ४८ सेकंद लागतात. ५०च्या वेगाने तेच अंतर १४ सेकंदांत कापलं असतं. नुकसान झालं ३४ सेकंदांचं. मालवणात पोचल्यावर पार्किंग शोधायला यापेक्षा जास्त वेळ जातो.

रुंदीकरणाची किंमतही वेगळी. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणात कडेची जुनी झाडं गेली, ते कोकणाने पाहिलंय. धामापूरला तर पाचशे वर्षांचं तळं आणि त्याभोवतीचं रान आहे. तिथे रस्ता वाढवायचा म्हणजे कशाच्या बदल्यात, हा प्रश्न आधी येतो. त्यापेक्षा साईडपट्टी डांबराच्या पातळीला आणून पक्की करणं, रान वेळेवर छाटणं आणि वस्तीत वेग खाली आणणं हे कितीतरी स्वस्तात होतं. फक्त त्याचं उद्घाटन करता येत नाही.

आत्ता हा विषय का महत्त्वाचा?

कारण सायकलींसाठी नवे नियम करण्याची वेळ आली आहे.

२०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती करून कलम १३८ (१अ) घातलं गेलं. रस्ता सुरक्षेसाठी पादचारी आणि बिगर-मोटार वाहनांबद्दल राज्यांनी नियम करावेत, असा अधिकार त्यात दिलाय. पुढे सर्वोच्च न्यायालयाने रस्ता सुरक्षेच्या प्रकरणात ७ ऑक्टोबर २०२५ रोजी राज्यांना हे नियम सहा महिन्यांत करायला सांगितलं. सोबत कलम २१० ड खाली रस्त्यांची रचना, बांधणी आणि देखभाल यांच्या मानकांचे नियमही.

या दोन कलमांकडे एकत्र बघायला हवं. पहिल्यातले शब्द सायकलींचा वावर आणि रस्त्यावरचा प्रवेश ‘नियंत्रित’ करण्याबद्दल आहेत. त्यातून सायकलला संरक्षण देता येतं, आणि तिला रस्त्यावरून हाकलताही येतं.

हाकलण्याचं उदाहरण आहे. कोलकाता पोलिसांनी २०१३ मध्ये १७४ रस्त्यांवर सायकलबंदी केली होती. दूधवाले, पेपरवाले, घरपोच माल देणारे, सगळ्यांच्या पोटावर ती आली. विरोधानंतर बंदी घातलेल्या रस्त्यांची संख्या कमी करावी लागली.

महाराष्ट्रातलं उदाहरण वांद्रे-कुर्ला संकुलातलं. तिथे एमएमआरडीएने २०११ मध्ये सायकल ट्रॅक केला. त्यावर गाड्या उभ्या राहायला लागल्या, ट्रॅक तुटक होता, घरापासून तिथपर्यंत सायकलने यायचं कसं याचं उत्तर नव्हतं, त्यामुळे वापर झाला नाही. २०२५ मध्ये तो काढून ती जागा गाड्यांच्या लेनला द्यायचं ठरलं. ‘कोणी वापरत नाही’ हे कारण दिलं की वापरता का आला नाही हा प्रश्न आपोआप मागे पडतो.

सायकल वापरणारे थोडे आहेत म्हणावं तर तसंही नाही. २०११ च्या जनगणनेत शेतीबाहेरच्या कामाला जाणाऱ्यांपैकी सुमारे १३ टक्के लोक सायकलने जात होते. देशात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांवर माणसं गेली, त्यात सायकलस्वार ३ टक्क्यांच्या आसपास. टक्का लहान दिसतो, पण माणसं साडेचार हजारांच्या वर आहेत. त्यांच्यापैकी कोणाच्याही सायकलने समोरच्या कारमधला माणूस मेला असण्याची शक्यता किती, तेही ज्याने-त्याने ठरवावं.

धडक झालीच तर?

सायकलला विमा नसतो म्हणून भरपाई मिळत नाही, हा गैरसमज आहे. धडक देणाऱ्या मोटार वाहनाला थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे आणि सायकलस्वार हाच तो थर्ड पार्टी. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे दावा करता येतो. वाहन पळून गेलं आणि सापडलंच नाही, तरी हिट अँड रनच्या योजनेत १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये आहेत. जखमीला दवाखान्यात नेण्याची जबाबदारी कलम १३४ नुसार ड्रायव्हरवर असते, आणि मदत करणाऱ्या वाटसरूला कलम १३४ अ चं संरक्षण आहे. पोलिसांच्या फेऱ्यांना घाबरून पुढे निघून जायचं कारण नाही.

धडकेच्या आधीचंही काही गावाच्या हातात आहे. कलम ११२ खाली राज्य सरकार किंवा त्याने नेमलेली यंत्रणा ठरावीक रस्त्यावर वेगमर्यादा खाली आणू शकते. प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली रस्ता सुरक्षा समिती असते. ग्रामसभेचा ठराव तिच्याकडे पाठवता येतो: कोणतं वळण, शाळा सुटायची वेळ कोणती, साईडपट्टी कुठे किती खचली, सोबत फोटो आणि तारीख. ठराव मे महिन्यात गेला तर पावसाआधी साईडपट्टी भरून घेता येते. कडेचं रान मात्र पावसातच वाढतं, त्यामुळे त्याच्या छाटणीची तारीख गणपतीच्या आधीची मागून ठेवावी.